विभावरीचं मत

दीनानाथनं दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली, 'नो'च्या चौकटीत एक टपोरी फुली मारली, मग तीच फुली पुन्हा एकदा गिरवली आणि स्वतःशीच खुदकन हसला.

गावच्या शाळेतला बालवर्ग होता. टेबलं इतकी बुटकी की पुठ्ठ्याच्या आडोशामागं कमरेत वाकूनच मत द्यावं लागायचं, आणि वाकलं की नाकासमोर पोरांनी रंगवलेली कापसाची मेंढरं यायची.

"डिनी, तिकडं सगळं ठीक ना?" टेबलामागून बर्नीनं हाक दिली. बर्नी एरवी गावच्या पोस्टात बसायची, मतदानाच्या दिवशी इथं.

"ग्रँड, बर्नी. एक मेंढरू डोळा मारतंय, एवढंच."

रांगेतली माणसं हसली. दीनानाथला 'दीनानाथ' म्हणणारं ह्या गावात घराबाहेर कुणी नव्हतं. वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आयर्लंडला येऊन तो स्लायगोच्या बाजूला एका मेडिकल कंपनीत लागला, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याचा डिनी केला आणि तो डिनीच झाला. डिनी म्हणजे टवाळ. डिनी म्हणजे एक एप्रिलला अख्ख्या शिफ्टच्या टेबलावरचे फोन एकमेकांत बदलून ठेवणारा. माणसं त्याला लांबून बघूनच हसायला सुरुवात करायची, आणि तोही त्यांना कधी उपाशी पाठवायचा नाही.

त्यानं तिन्ही कागद पेटीत टाकले. एक युरोपचा, एक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आणि हा घटस्फोटाचा. इथल्या घटनेत लिहिलं होतं की नवराबायको चार वर्षं वेगळी राहिली तरच कोर्टानं घटस्फोट द्यायचा. ती अट घटनेतून काढायची की ठेवायची, एवढाच प्रश्न. काढली की सरकार ती दोन वर्षांवर आणणार होतं, सगळ्यांना माहीत होतं.

विभावरी दाराशी उभी होती. तिला एकच कागद मिळायचा, काउंटीचा. कारण तिचा पासपोर्ट अजून निळा, म्हणजे भारताचा होता. नागरिकत्व घ्यायची वेळ आली तेव्हा दोघांनी स्वयंपाकघरात बसून ठरवलं होतं, की घरातला एक पासपोर्ट तरी निळा राहू दे. तिकडं म्हातारी माणसं आहेत, उद्या अपरात्री पळावं लागलं तर व्हिसा कोण काढत बसणार. बऱ्याच घरांत असंच ठरायचं. विभावरी निळी राहिली. आणि त्याच दिवशी दुसरंही ठरलं. जेव्हा जेव्हा अख्ख्या देशाला हो-नाही विचारतील, तेव्हा मत विभावरीचं आणि हात दीनानाथचा. इथल्या मरून रंगाच्या पासपोर्टचा मान तुम्हाला, मताचा मला, असं ती म्हणाली होती.

आणि हा टवाळ माणूस त्याला जागला होता. दर सार्वमताच्या सकाळी तो चहाच्या वेळी कमरेत वाकायचा, "सरकार, काय आज्ञा?" म्हणायचा, ती सांगायची, आणि हा जाऊन तसंच करून यायचा. कधी पटलं नाही तरी.

आजही विचारलं होतं.

"यस," विभावरी गाळणं धरत म्हणाली होती.

"कारण?"

"कारण कशाला पाहिजे? यस."

"दोनच वर्षांत सुटका करून घ्यायचा बेत दिसतोय. एकतीस वर्षं कळ काढली आणि आता घाई?"

"अहो, चेष्टा नको. सांगितलं तेवढं करा."

ती हसली नव्हती. आणि दीनानाथचं असं होतं, की समोरचा हसला नाही की त्याला जोर चढायचा.

शाळेतून परतताना गाडीत मागच्या सीटवर पॅकी बसला होता. पॅकी कॉनवे, शेजारच्या शेतावरचा, ऐंशीच्या घरातला. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना शाळेपर्यंत गाडीनं सोडायचं, ही इथली रीत, आणि पॅकी दीनानाथच्या वाट्याला आलेला. पॅकीची चार पोरं. दोन डब्लिनला, एक कॉर्कला, धाकटी गॉलवेला. चौघांचीही मतं अजून ह्याच शाळेत. बदलून घ्यायचा कंटाळा, आणि म्हाताऱ्याला वाईट वाटेल ही भीती.

"माझ्या घरात पाच मतं आणि भरलेली खुर्ची एकच," पॅकी म्हणाला. "गेल्या वर्षी गर्भपाताच्या सार्वमताच्या वेळी सगळी आली. बसगाड्या भरभरून आल्या पोरांच्या. घरात झोपायला जागा नव्हती. आज? कुत्रं नाही. ह्या असल्या मताला कोण येतं गाडी काढून?"

"म्हणजे आज आपलं राज्य," दीनानाथ गाडी वळवत म्हणाला. "उरलेल्यांचं."

"उरलेल्यांचं राज्य पंच्याण्णवलाच गेलं, डिनी. घटस्फोट आणायचा की नाही, हे विचारलं होतं तेव्हा. इकडं असला पाऊस की कुणी बाहेर पडेना. डब्लिनला कोरडं. नऊ हजार मतांनी नो हरलं. अख्ख्या देशात नऊ हजार! मी घरात बसून होतो, विस्तवापुढं पाय करून." तो जरा थांबला. "डब्लिनवाले तरी कोण होते म्हणा. आमचीच पोरं."

"तू कुठं मारलीस फुली?" दीनानाथनं आरशातून विचारलं.

"ते मी बायकोला पण कधी सांगितलं नाही."

"मी सांगतो बायकोला." दीनानाथनं शेजारी पाहिलं. ह्या क्षणासाठीच तो मघापासून थांबला होता. मराठीत म्हणाला, "सरकार, आज पहिल्यांदा आज्ञा मोडली. नो टाकलं. दोन वर्षांत सोडतो काय तुला? चार म्हणजे चार. नियम म्हणजे नियम."

विभावरीनं त्याच्याकडं पाहिलं.

"खरंच टाकलंत?"

"दोनदा गिरवलं."

"गाडी थांबवा."

"अगं—"

"थांबवा म्हणते ना."

त्यानं कुंपणाला लागून गाडी थांबवली. विभावरी उतरली. आधी शाळेच्या दिशेनं निघाली, तरातरा, जणू तिथं जाऊन काहीतरी परत मागून आणता येणार होतं. मग मध्येच थांबली. पर्स काखेला घट्ट धरून तशीच उभी राहिली, वळली आणि गाडीकडं न बघता घराच्या रस्त्याला लागली.

"तिला लागलं की काय?" पॅकीनं विचारलं.

"छे. ती रोज चालते. डॉक्टरनं सांगितलंय," दीनानाथ म्हणाला.

दुपारी क्षितिजाचा फोन आला. क्षितिजा म्हणजे दोघांची एकुलती एक. आठव्या वर्षी ह्या गावात आली, कापसाच्या मेंढरांच्या त्याच शाळेत शिकली, मग डब्लिनला कॉलेज, मग लग्न. नवरा सलील डब्लिनजवळ लिक्सलिपला, कॉम्प्युटरच्या चिप बनतात त्या कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी तिला वॉटरफोर्डच्या मोठ्या हॉस्पिटलात फार्मसिस्टची जागा मिळाली. ती तिकडं गेली, तो लिक्सलिपलाच राहिला. ह्यावर दीनानाथचा एक ठरलेला विनोद होता: ह्या नवराबायकोच्या मध्ये फक्त मोटरवे आहे, आणि त्याचा टोल सासऱ्यानं भरायचा का? हा विनोद त्यानं प्रत्येक पाहुण्याला ऐकवला होता. पुण्यातसुद्धा.

"बाबा, मी निघालेय. व्होटिंगला. सहापर्यंत पोचते."

"तू? वॉटरफोर्डहून? चार तास गाडी हाकत? अगं, पॅकीची पोरं गॉलवेहून येईनात."

"माझं नाव तिथंच आहे ना. कुठं जाणार मग?"

"येऊच नकोस. मी सगळी सोय केलीय. मी 'नो' टाकून आलोय, तू 'यस' टाकणार. तुझं माझं फिटंफाट. पेट्रोल वाचव, त्याच्यात आईसक्रीम खा."

पलीकडून नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला.

"हॅलो? क्षिती? गेलीस का बोगद्यात?"

"नो टाकलंस?" ती म्हणाली. "आईनं तुला यस सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. गंमत केली जरा तिची."

"ओके."

"ओके काय? हस की."

"आय'म ड्रायव्हिंग, बाबा. येते." फोन बंद झाला.

दीनानाथनं फोन खिशात टाकला. मग स्वयंपाकघरात गेला. विभावरी प्रेसचं दार उघडून आत काहीतरी शोधत होती. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. घरातही आता तोच शब्द रुळलेला.

"आपली बाई येतेय. मत द्यायला. वेडी आहे का?"

"माहितीये," विभावरी प्रेसमध्ये तोंड घालूनच म्हणाली. डबे इकडचे तिकडं करत राहिली. तिला काय हवं होतं, ते काही सापडत नव्हतं.

सहाला क्षितिजाची गाडी अंगणात शिरली. मे महिना, अजून लख्ख उजेड होता. दीनानाथनं तिला दारात पाहिलं आणि सवयीनं हात कपाळाशी नेऊन सलाम ठोकला.

"पधारिए, मतदार राजा! सलील कुठाय? त्याला आणलं नाहीस?"

"तो तिथंच व्होट करतो. लिक्सलिपला."

"नाव हलवलं त्यानं? शहाणा आहे. मग तुझं का नाही हलवलं? तू तर वॉटरफोर्डची ना लिक्सलिपची. राहतेस एकीकडं, नवरा दुसरीकडं, मत तिसरीकडं. तुला शोधायला सरकारला नकाशा लागेल."

क्षितिजानं आईकडं पाहिलं. विभावरीनं पोळीचा तवा गॅसवरून उतरवला.

"आधी जाऊन येते," क्षितिजा म्हणाली. "मग जेवू."

"चल, मी सोडतो. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना आणि लांबच्यांना गाडीनं न्यायचं असतं."

रस्ता फार नव्हता. दीनानाथ बोलत राहिला. सकाळच्या मेंढराची गोष्ट सांगितली, पॅकीच्या पावसाची सांगितली. क्षितिजा खिडकीतून बाहेर बघत होती. वाटेत एका बंद घराच्या फाटकाला निवडणुकीचे तीन बोर्ड बांधलेले होते, आणि त्या घरात वर्षानुवर्षं कुणी राहत नव्हतं.

शाळेत गर्दी नव्हती. बर्नीनं क्षितिजाला बघून दोन्ही हात पसरले.

"क्षिती! बघा कोण आलंय. आज लांबून आलेली तू पहिलीच. अजून बाबांच्याच पत्त्यावर, हो ना?"

"हो."

"आणि राहायला लिक्सलिपला, घरधन्याबरोबर?"

दीनानाथ दाराशी, पोरांच्या कोटांच्या बुटक्या खुंट्यांपाशी उभा होता. त्याच्या जिभेवर मोटरवे आणि टोल येऊन बसलेच होते.

"नाही, बर्नी," क्षितिजा इंग्रजीत म्हणाली. आवाज इथल्या कुठल्याही पोरीसारखा, अगदी स्लायगोचा. "नाही राहत तिथं. दोन वर्षं होतील आता."

बर्नीचा हात कागदावरच थांबला. वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई. कुणाची पत्रं कुठल्या पत्त्यावर वळवायची, हे तिला सांगावं लागत नसे. तिनं कागदांवर शिक्के मारले आणि क्षितिजाच्या हातात ते देताना बोटं क्षणभर दाबली.

दीनानाथ जिभेवरचा विनोद तसाच धरून उभा राहिला. तो गिळायला त्याला वेळ लागला. दोन वर्षं. आठवडाभर टीव्हीवर, रेडिओवर, खांबाखांबावर हेच दोन आकडे लोंबत होते, चार आणि दोन, दोन आणि चार. त्यानं समोर पाहिलं. पुठ्ठ्याच्या आडोशाखाली त्याच्या मुलीचे पाय दिसत होते. मतदान उरकायला माणसाला अर्धं मिनिट लागतं. ती बराच वेळ तिथं उभी होती.

परत निघताना दीनानाथनं गाडी चालू केली. क्षितिजाच म्हणाली.

"फिटंफाट झाली, बाबा."

"हं."

"तुझं नो, माझं यस. कॅन्सल." ती मराठी शब्द शोधत होती, मग सापडले. "म्हणजे आईचं राहिलंच."

त्यानं मान हलवली. पुढं मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता, खऱ्या मेंढ्यांचा. एरवी अशा वेळी तो काच खाली करून मेंढ्यांना मत दिलंत का विचारायचा, क्षितिजा लहान असताना ह्यावर लोळायची. आज काच वरच राहिली.

जेवण झालं. क्षितिजा वर तिच्या जुन्या खोलीत गेली. भांडी विसळायला दीनानाथ उभा राहिला आणि पाठमोराच म्हणाला, "तुला कधीपासून माहीत होतं?"

विभावरी टेबल पुसत होती. "गेल्या दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तिनं शपथ घातली होती."

"मी बाप आहे तिचा, विभा."

"म्हणून तर."

"म्हणून तर म्हणजे?"

विभावरीनं फडकं खाली ठेवलं. "तिनं आधी तुम्हालाच सांगितलं होतं. मला नंतर. दिवाळीला आली होती, इथंच बसली होती ह्या खुर्चीत. म्हणाली, 'बाबा, सलील आणि मी वेगळे राहतोय.' शेजारी पॅकी होता, तुमच्या कंपनीतले दोघं होते. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

नळ वाहत होता. दीनानाथला आठवत होतं. 'वेगळे कुठं? मध्ये नुसता मोटरवे आहे.' पॅकी हसून हसून खोकला होता. आणि सगळ्यात जास्त कोण हसलं होतं, तेही त्याला आता आठवलं. क्षितिजा. डोळे पुसत हसली होती.

"मला काय माहीत, की..."

"कुणालाच कळलं नाही. ह्या देशात अर्धी माणसं नोकरीपायी नवराबायको सोडून लांब राहतात. कोण विचारतं? तिला तेच सोपं पडलं." विभावरी खुर्चीत बसली. "भांडण नाही, मारहाण नाही, दुसरं कुणी नाही. दोघांना नकोसं झालं, बास. पण अजून दोन वर्षं तसंच लोंबकळत राहायचं, सगळ्यांना नोकरीचं कारण सांगत, तिला सहन होईना. परवा फोनवर म्हणाली, 'आई, तुला तर व्होटच नाही.' मी म्हटलं, आहे की. तुझ्या बाबांच्या हातात आहे. तेवढा एक शब्द त्यांनी आजवर कधी मोडला नाही."

दीनानाथनं नळ बंद केला.

"तू नुसतं म्हणाली असतीस, की महत्त्वाचं आहे—"

"म्हटलं होतं ना. 'चेष्टा नको' म्हटलं होतं. तुमच्यापुढं ह्याहून वेगळं कसं सांगतात, मला नाही माहीत." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी जाऊ का वर? बोलू तिच्याशी?"

"काय बोलाल?"

त्यानं ओला हात पँटला पुसला. दुःखातल्या माणसाजवळ जाऊन त्याला हसवायचं, एवढी एकच कला त्याच्याजवळ होती. हसवल्याशिवाय नुसतं जवळ कसं बसतात, ते कधी शिकायची वेळच आली नव्हती. आईच्या तेराव्यालासुद्धा त्यानं सगळ्या आत्यांना हसवलं होतं आणि लोकांनी कौतुक केलं होतं.

तो वर गेला नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बराच वेळ बसला आणि मग झोपायला गेला.

शनिवारी मोजणी सुरू झाली आणि रविवारी सकाळी निकाल लागला. दर पाचांतल्या चारांनी यस म्हटलं होतं. डब्लिननं म्हटलं ते म्हटलंच, पश्चिमेकडच्या खेड्यापाड्यांनीही म्हटलं. पंच्याण्णवला जी गावं नो म्हणून उभी होती, ती सगळी पलटली होती. दीनानाथनं रेडिओ ऐकला. कसलाच फरक पडला नव्हता त्याच्या फुलीनं. लाखो मतांच्या ढिगात ती कुठल्या कुठं गेली होती. मोठ्या समजुतीनं त्यानं हे स्वतःला दोनदा सांगून पाहिलं.

क्षितिजा सोमवारी निघणार होती. ती स्वयंपाकघरात आईजवळ बसून लसूण सोलत होती. दीनानाथ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. दोन दिवस तिघं भाजीबद्दल, हवेबद्दल, पुण्याच्या आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते. 'ते' कुणी बोललं नव्हतं. क्षितिजानं त्याला अजून काही सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं.

मागचं दार ढकलून पॅकी आत आला. चर्चमधून थेट आलेला, कोट घालून.

"डिनी! हरलास की रे!" त्यानं दारातूनच काठी उगारली. "अख्ख्या काउंटीत तू एकटा उरलास नो म्हणणारा. बर्नी सांगत होती, तुला पिंजऱ्यात ठेवून तिकीट लावणार आहेत." मतदानाच्या दिवशीचं गाडीतलं मराठी त्याला कळलं नव्हतं, पण त्यातला 'नो' त्यानं बरोबर टिपला होता.

पॅकीनं डोळे मिचकावून उत्तराची वाट पाहिली. त्याला एकदम पाचसहा उत्तरं मिळायला हवी होती.

"बस, पॅकी," दीनानाथ म्हणाला. "चहा घे."

पॅकी जरा गोंधळून बसला. विभावरीनं त्याच्यापुढं कप ठेवला.

"आणि तू अजून आहेस?" तो क्षितिजाकडं वळला. "छान, छान. माझी पोरं तर फोनवरच यस म्हणाली. गाडी काढायला नको. काय म्हणतो तुझा तो? लिक्सलिपवाला? बऱ्याच दिवसांत दिसला नाही."

क्षितिजाच्या हातात लसणाची पाकळी होती. तिनं तिचं साल काढलं, मग आतलं पातळ पापुद्र्याचं सालही काढायला लागली.

खोलीत शांतता पसरली. असल्या शांततेत उडी मारायचं काम वीस वर्षं दीनानाथचं होतं. कुठंही, कुणाच्याही घरी, माणसं अडखळली की तो काहीतरी फेकायचा आणि गाडं पुढं जायचं. आता त्याच्या तोंडात तीन वाक्यं तयार होती. तिन्ही चांगली होती. पॅकी खोकेपर्यंत हसला असता, क्षितिजाही हसली असती, आणि सोमवारी सकाळी गाडीत बसून निघून गेली असती.

विभावरी त्याच्याकडं बघत होती. त्यानं खाली मान घातली आणि टेबलावर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून घट्ट दाबली.

रेडिओ बारीक आवाजात कुठल्यातरी काउंटीचे आकडे सांगत होता.

"आम्ही बरोबर नाही राहत, पॅकी," क्षितिजा म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, पॅकीला म्हणाली. पण बघत होती ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं. "दोन वर्षं झाली. आता कागदोपत्री पण संपवतोय. आय वॉज गोइंग टु टेल यू."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं, हे पॅकीला कळलं नाही. त्यानं कप खाली ठेवला.

"असं होय," तो म्हणाला. "असं होय, पोरी."

मग त्यानं डिनीकडं पाहिलं. अशा वेळी सगळं गाव बघायचं तसंच.

दीनानाथच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग तो उठला, पॅकीच्या मागून वळसा घालून पलीकडं गेला आणि क्षितिजाच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. तिच्यापुढच्या ढिगातला एक गड्डा घेतला आणि सोलायला लागला. त्याला लसूण सोलता येत नव्हता. पाकळ्या नखांखाली चेंगरत होत्या. क्षितिजानं त्याच्या हातांकडं पाहिलं आणि ताटली दोघांच्या मध्ये सरकवली.